मुका रुग्ण

घरातील कुत्र्यामांजरांना आपली व्यथा शब्दांनी सांगता येत नाही. ती वेळीच ओळखणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य होय.

उंदरांचे विष पोटात गेलेल्या कुत्र्याचे उदाहरण घ्या. अशी पुष्कळ विषे रक्त गोठू देत नाहीत. तथापि पहिले दोन-तीन दिवस कुत्रे नेहमीसारखे हिंडते-फिरते. मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. विष खाल्ल्यावर तासाभरात त्याला पशुवैद्याकडे नेले, तर ओकारी करवून व 'के' जीवनसत्त्व देऊन ते बहुधा वाचविता येते. हा उपचार अल्प खर्चाचा असतो. विलंब झाला, म्हणजे मात्र रक्त चढवावे लागते, अहोरात्र देखरेख ठेवावी लागते. खर्च अनेक पटींनी वाढतो आणि जगण्याची आशा कमी होते.

एवढा खर्च सर्वांनाच झेपत नाही. अशा वेळी धर्मादाय रुग्णालये आधार देतात. मुंबईत परळ येथील बाई साकरबाई रुग्णालय दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने उभे राहिले. त्याच्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. अशा रीतीने दानामुळे उपचार स्वस्त झाले आणि शिक्षणामुळे ते कुशल हातांनी होऊ लागले.

परंतु गेलेला वेळ कोणतेही रुग्णालय परत देऊ शकत नाही. म्हणून जवळच्या पशुवैद्याचा पत्ता आधीच टिपून ठेवावा. विषाचे वेष्टन सोबत न्यावे. माणसांची औषधे आपल्या मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. मुक्या जिवासाठी आपली दक्षता हेच पहिले औषध होय.