लाटण्यापासून हप्त्यापर्यंत

1972 साली मुंबईत बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा महाराष्ट्रात दुष्काळाने कहर केला होता. गावोगाव माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की त्या पिढीची माणसं अजून तोंड वाकडं करतात. शहरात धान्य होतं, पण परवडत नव्हतं. तेल, साखर, रवा, रॉकेल या चार गोष्टींसाठी दिवस मोडून रांगेत उभं राहायचं आणि आपला नंबर येईपर्यंत माल संपलेला असायचा.

महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती त्यातून उभी राहिली. तिच्या नेत्यांपैकी मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट. पक्ष वेगळे, पण रॉकेलची रांग एकच. या मोर्च्यांत आलेल्या कित्येक जणी त्याआधी कुठल्याही सभेला गेलेल्या नव्हत्या. गिरणगावातल्या होत्या, गोरेगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांतल्याही होत्या. त्यांची मागणी फार साधी होती: रोजच्या वापराच्या वस्तू ठरल्या भावात आणि ठरल्या प्रमाणात रेशनवर द्या. पुढे 1973च्या अखेरीस जगभर तेल भडकलं, 1974च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला आणि 1974-75 या वर्षात देशातल्या घाऊक किमती सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढल्या. पगार तेवढाच आणि सामान चौथा हिस्सा महाग. मग आणीबाणी आली, मोर्चे थांबले, नेत्या तुरुंगात गेल्या. 1977 साली गोरे आणि रांगणेकर दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या, यात त्या लाटण्यांचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

मला त्या आंदोलनातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की त्याने महागाईला घराबाहेर काढलं. डब्यातली साखर संपली ही तोवर त्या घरच्या बाईची काळजी होती. नवऱ्याला ती सांगायची नाही, शेजारणीला सांगायला लाजायची. मोर्च्यात आल्यावर तिला दिसलं की सगळ्यांचेच डबे रिकामे आहेत.

पण मोर्चा काही रोज निघत नाही आणि चूल रोज पेटवावी लागते. ती पेटती ठेवायचं खरं काम कसं चालायचं हे बघायचं तर परळ-लालबागच्या चाळींत शिरावं लागतं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून एका खोलीत पाळ्यांनी राहायचे आणि जेवायचे खानावळीत. खानावळ म्हणजे तरी काय, दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई पंधरा-वीस माणसांचं रांधायची. पहाटे उठून पहिल्या पाळीचे डबे, मग दुपारचं जेवण, मग रात्रपाळीवाल्यांचं. पैसे महिन्याने, कामगाराचा पगार झाला की. तोवरचा किराणा उधारीवर. वाणी उधारीच्या मालाला भाव चढा लावायचा, सावकार व्याज वेगळं घ्यायचा. म्हणजे भाव वाढला की पहिला फटका तिला बसायचा, कारण गडी माणसाचा महिन्याचा दर मध्येच वाढवता यायचा नाही. आमटी पातळ केली तर तो दुसरी खानावळ बघणार. मग ती स्वतःच्या ताटातलं कमी करायची. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि तारण ठेवायला काही नसलेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकाराच्या वहीतून नाव कमी होणं ही त्या बायकांच्या आयुष्यातली केवढी मोठी घटना असेल!

गिरगावात 1959 साली सात जणींनी गच्चीवर पापड लाटायला घेतले ते ऐंशी रुपये उसने घेऊन. त्यातून लिज्जत उभं राहिलं, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. खानावळवाल्यांची गोष्ट तितकी सांगितली गेली नाही, आणि ती सांगायला हवी. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पगार बंद झाले. किती गडी गावी परतले ते जेवणाची बाकी ठेवून. त्या काळात गिरणगाव तगलं ते मोठ्या प्रमाणात बायकांच्या कमाईवर: धुणीभांडी, भाजीची पाटी, शिवणकाम, पापड-लोणची. गिरणी कामगाराला महागाई भत्ता मिळायचा. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्याच गिरण्यांत लढून मिळवलेला. या नव्या कामांत भत्ता नव्हता, रजा नव्हती, पगाराची तारीखही नव्हती. त्या घरांचं पुढचं सगळं बदललं ते इथून.

याच काळात घराघरांत तगून राहायचे काही मार्ग पक्के झाले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातली उधारीची वही. चाळीतली भिशी, जिच्याकडे लग्न किंवा आजारपण असेल तिला आधी उचलू द्यायची, हे न बोलता ठरलेलं. पोस्टातलं आवर्ती खातं. आणि अगदीच गळ्याशी आलं तर पाटल्या. पोस्ट सोडलं तर या सगळ्यात एक गोष्ट समान होती: देणारा माणूस ओळखीचा होता. त्यात अपमानही होता, हे नाकारत नाही. वाण्याने चारचौघांत बाकी विचारली की मान खाली जायची. तरी महिनाभर थांबा म्हणता यायचं, आणि तो बहुधा थांबायचा.

1991च्या उदारीकरणानंतरच्या वर्षांबद्दल थोडक्यात सांगता येईल. हातात पैसा जास्त आला, दुकानात रांग उरली नाही. 1999 साली महाराष्ट्रात शिधापत्रिका तिरंगी झाल्या, पिवळी, केशरी आणि पांढरी, आणि मध्यमवर्गाने रेशनच्या दुकानाकडे पाठ फिरवली. कार्ड फक्त पत्त्याच्या पुराव्यापुरतं उरलं. माझ्या मते इथेच काहीतरी सुटलं. ज्यांचा आवाज मंत्रालयात पोचायचा त्यांचा रेशनशी संबंध संपला. मग 1998चा कांदा असो की 2015 साली किलोला दोनशे रुपयांवर गेलेली तूरडाळ, चर्चा झाली, पण 1972सारखा मोर्चा काही निघाला नाही.

मग कोरोनाची टाळेबंदी आली आणि तिच्या मागोमाग दरवाढ. मुंबईत घरगुती गॅसची टाकी 2020च्या नोव्हेंबरपर्यंत 594 रुपयांना होती, 2023च्या मार्चमध्ये ती 1,102 रुपये 50 पैशांवर गेली. युक्रेनचं युद्ध पेटलं आणि सूर्यफुलाचं तेल कडाडलं; एप्रिल 2022मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली. त्याच वर्षी मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहापर्यंत नेला, म्हणजे घराचा हप्ताही चढला नाहीतर कर्जाची वर्षं वाढली. दिवाळीला सरकारने शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला: रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. 1972 साली ज्या चार गोष्टींसाठी रांग लागायची, त्यांतल्या तीन त्या पिशवीत होत्या.

या वेळी घरांनी काय केलं? बाहेरून फारसं दिसलं नाही. तेलाची पिशवी लिटरऐवजी अर्ध्या लिटरची आली. मुलाचा क्लास बंद झाला, आईची बीपीची गोळी दिवसाआड झाली. कुणी सुटीच्या दिवशी डिलिव्हरीचं काम धरलं. आणि कर्ज काढलं. 2022-23 साली देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास घसरली. कित्येक दशकांत ती इतकी खाली गेली नव्हती. 2025च्या एप्रिलमध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं आणि सोनेतारण कर्जं झपाट्याने वाढली. पाटल्या तेव्हाही गहाण पडत होत्या. पण त्या सोडवून आणणं हा घरातला सण असायचा. आता एक कर्ज फेडायला दुसरं घेतात. बाकीचं फोनवर मिळतं, पाच मिनिटांत आणि कुणाला न सांगता. वसुलीवाला मात्र फोनमधल्या सगळ्या नंबरांना सांगतो.

राज्य सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये 2024पासून अनेक घरांत येतात. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी ते कुठे जातात हे एकदा विचारावं. माझ्या ओळखीच्या बायका सांगतात: गॅस, गोळ्या, बचत गटाचा हप्ता.

ऑक्टोबर 2025मध्ये किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आला, निर्देशांकाच्या तेव्हाच्या मालिकेतला सर्वांत कमी. त्याचा अर्थ सगळे भाव खाली आले असा नाही. आधी चढलेले बरेच भाव चढेच राहिले: गॅस मध्यंतरी उतरूनही तेव्हा 852 रुपये 50 पैशांना, शाळेची फी आणि खोलीचं भाडं वरच्या वर. 1972च्या बायकांना निदान ठाऊक होतं की कुणाच्या दारात जायचं आहे: पुरवठामंत्र्याच्या, गोदामवाल्याच्या, रेशन दुकानदाराच्या. आज जिच्या पगाराचा मोठा वाटा भाड्यात, फीत आणि तीन हप्त्यांत जातो, तिने लाटणं घेऊन जायचं कुठे? त्या दाराचा पत्ता शोधायचं काम आपल्या पक्षांनी, संघटनांनी आणि आम्ही लिहिणाऱ्यांनी अजून हाती घेतलेलं नाही.