लाडाची मांजर, बेताचा घास

‘माशाअल्लाह, किती गुबगुबीत आहे!’ सोफ्यावर पसरलेली मांजर पाहून पाहुण्यांचे हे वाक्य ठरलेले. घरातल्यांनाही ते ऐकून बरे वाटते. मांजर भरलेली दिसते, म्हणजे तिची नीट काळजी घेतली जाते, असा आपला समज आहे. पण हीच मांजर पलंगावर उडी मारताना अडखळू लागली, पाठ आणि शेपटीजवळचा भाग चाटून साफ करता येईनासा झाला, चार पायऱ्या चढून बसून राहू लागली, की समजावे हे बाळसे नव्हे. ही आजाराची सुरुवात आहे.

जळगाव असो की धुळे, आपल्या जुन्या घरांत मांजर असायची ती धान्याच्या कोठ्या आणि उंदरांमुळे. माळा, छत, गल्ली ती दिवसभर पालथी घालायची. आज मेहरूण किंवा देवपूरच्या फ्लॅटमध्ये ती दाराआड राहते. बाहेर कुत्री आणि गाड्या, म्हणून तिला सोडवत नाही, आणि ते बरोबरच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर गेला, की ती कूलरसमोरच्या फरशीवरून हलत नाही. हालचाल घटली, बशी मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळा भरू लागली. त्यात नसबंदी झालेली असेल तर अन्नाची गरज कमी होते आणि भूक उलट वाढते.

आम्ही शिक्षक माणसे. हिशेब फळ्यावर मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. घरात राहणाऱ्या 4 किलो वजनाच्या मांजरीला दिवसाला साधारण 200 कॅलरी पुरतात. म्हशीच्या 100 मिलिलिटर दुधात सुमारे 100 कॅलरी असतात, म्हणजे तिच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्या. एक छोटा चमचा तुपात 45. पाकिटातल्या कोरड्या खाद्यात 100 ग्रॅममागे 350 ते 400. आता घर बघा. सकाळी दादीजान दूध देतात. शाळेतून आलेली मुले खाद्याची एक मूठ टाकतात. रात्री दस्तरख्वानावरून अब्बा चिकनचा तुकडा सरकवतात. मधल्या वेळेत शेजारच्या खालाजानकडे तिचा वेगळा पाहुणचार असतोच. प्रत्येकाने थोडेच दिले; बेरीज मात्र कोणी केली नाही.

ही बेरीज कुठपर्यंत जाते, हे 2024 साली रशियातल्या पेर्म शहरात दिसले. तिथल्या एका रुग्णालयाच्या तळघरात राहणारा क्रोशिक नावाचा बोका 17 किलोचा झाला होता. लोक त्याला मायेने सूप आणि बिस्किटे घालत होते. प्राणिसंस्थेने त्याला नेले तेव्हा त्याला नीट चालताही येत नव्हते. बेताचा आहार आणि व्यायाम यांनी त्याचे वजन उतरू लागले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मेला. त्याच्या शरीरात गाठी होत्या, आणि चरबीच्या थरांमुळे त्या आधी लक्षात आल्या नव्हत्या. लठ्ठ मांजरीला मधुमेह, सांधेदुखी, लघवीचे विकार यांचा धोका वाढतो. शिवाय तिच्या पोटात दुसरे काही वाढत असेल तर तेही झाकले जाते.

आपल्या घरांत मांजरीला ‘नाही’ म्हणणे जड जाते, त्याला एक कारण आहे. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची हदीस आपण लहानपणापासून ऐकलेली असते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. मांजर ओरडली, की ती आठवते आणि हात डब्याकडे जातो. पण त्या स्त्रीचा अपराध दुहेरी होता: तिने खायलाही दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. मुक्या जिवाचा हक्क गरजेइतके अन्न मिळण्याचा आहे. पोट तट्ट भरण्याची शिकवण तर माणसालाही दिलेली नाही. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, हा बेत आपल्याला ठाऊक आहे. तोच मांजरीला लावायचा.

मात्र इथेच सर्वात मोठा धोका आहे. मांजर लठ्ठ आहे असे कळल्यावर काही घरांत दुसऱ्याच दिवसापासून तिची बशी उचलली जाते. असे कधीही करू नये. लठ्ठ मांजरीच्या पोटात दोन-तीन दिवस काही गेले नाही, तर शरीरातली चरबी वेगाने यकृतात साठते आणि यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून मांजरीचे वजन उपासाने उतरवायचे नसते. नवे खाद्य तिने नाकारले, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून वाट पाहू नका. जुने खाद्य पुढे ठेवा. दिवसभर तिने तोंड लावले नाही, तर सरळ डॉक्टरांकडे न्या.

आधी मांजर खरोखर लठ्ठ आहे का, ते पाहा. तिच्या बरगड्यांवरून बोटे हलकेच फिरवा. मग स्वतःची मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून हात फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर ती हडकुळी आहे. सरळ पसरलेल्या हाताच्या मागच्या बाजूसारख्या लागल्या तर वजन ठीक. तळहातासारखे मऊ लागले आणि बरगड्या शोधाव्या लागल्या, तर चरबी जास्त. वरून पाहताना कंबर दिसायला हवी. मागच्या पायांपुढे लोंबणारी सैल कातडी निरोगी मांजरीलाही असते. तिला घाबरू नका. पाठ हडकुळी आणि पोट तेवढे फुगलेले असेल, तर जंत किंवा दुसरा आजार असू शकतो. खूप खाऊनही ती वाळत असेल, तरीही तपासणी हवीच. पिल्ले, गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या मांजरी यांचे खाणे कमी करू नये.

आता मुख्य काम. डॉक्टरांना विचारून दिवसाचे खाद्य ठरवा आणि सकाळीच मोजून एका डब्यात काढा. मूठ हे माप नव्हे; स्वयंपाकघरातला काटा वापरा. कोणालाही लाड करायचा असेल तर त्याच डब्यातून. दादीजानही देतील, मुलेही देतील. डबा रिकामा झाला की दिवस संपला. खाणे तीन-चार वेळांत विभागा. शेजारीही सांगून ठेवा. दोन मांजरी असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत वाढा.

दूध बंद केले तर काही बिघडत नाही; बहुतेक मोठ्या मांजरींना ते नीट पचतही नाही. ताटातला रस्सा, बिर्याणी, खिमा देऊ नका. त्यातला कांदा आणि लसूण मांजरीच्या रक्ताला घातक आहे, शिजवलेले हाड तुटून आतड्यात टोचते. मिठाशिवाय उकडलेले चिकन चालते, पण रोजचा आहार केवळ त्यावर भागत नाही. पाणी मात्र दोन-तीन जागी भरपूर ठेवा.

जेवणाआधी पाच-दहा मिनिटे दोरी किंवा चेंडूमागे तिला पळवा. उन्हाळ्यात हा खेळ पहाटे किंवा मगरिबनंतर घ्या. प्लास्टिकच्या बाटलीला भोके पाडून त्यात कोरडे दाणे भरले, की ती बाटली लोळवत एकेक दाणा मिळवत बसते. मुलांना हे काम द्या. ती कंटाळत नाहीत.

दर पंधरा दिवसांनी वजन करा. मांजरीला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. समजा मांजर 6 किलोची आहे. आठवड्याला वजनाच्या एक टक्का, म्हणजे 60 ग्रॅम घट चांगली. 120 ग्रॅमपेक्षा जास्त नको. दोन किलो उतरायला सहा-आठ महिने लागतील. एक-दोन वेळा काटा हलणार नाही. तेव्हा डबा लगेच निम्मा करू नका. कोणी चोरून देत आहे का, ते आधी पाहा.

रमजानमध्ये वेळा बदलतात. सहरीला उठलेले घर पाहून मांजरही बशीजवळ येऊन बसते. तिला द्या, पण वाढीव नको. दिवसाच्या डब्यातलाच एक वाटा सहरीला हलवा. ईदनंतर तो वाटा रोज थोडा थोडा उशिरा द्या, म्हणजे पहाटेची हाक आपोआप थांबेल. बकरी ईदला चरबीचे तुकडे तिच्यापुढे टाकण्याचा मोह होतो; त्या दिवशी डब्याची जबाबदारी घरातल्या एकाच व्यक्तीकडे ठेवा.

पहिले दोन आठवडे ती ओरडेल, पायांत घोटाळेल. अशा वेळी तिला जवळ घ्या, अंगावरून हात फिरवा, चेंडू टाका. पुष्कळदा तिला खाणे नको असते, आपले लक्ष हवे असते.