फ्लिक्सबरोची नळी

कारखान्यात स्फोट झाला की पहिला प्रश्न येतो, "बटण कोणी दाबले?" माझ्या मते आधी विचारावे की दोन महिन्यांपूर्वी तेथे काय बदलले होते. इंग्लंडमधील फ्लिक्सबरोची चौकशी मला त्यासाठी अभ्यासण्याजोगी वाटते.

ट्रेंट नदीकाठच्या या कारखान्यात नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम बनत असे. मालकी डच स्टेट माइन्स आणि ब्रिटनचे राष्ट्रीय कोळसा मंडळ यांची. तेव्हा सारा दोष खासगी भांडवलावर ढकलण्याची सोय आम्हा युनियनवाल्यांना नाही! एकामागे एक, पायऱ्यांसारखी उतरत जाणारी सहा मोठी पात्रे होती. त्यांत सायक्लोहेक्झेन हा ज्वालाग्राही द्रव १५५ अंश सेंटिग्रेडला, दाबाखाली फिरत असे. तो साध्या हवेत ८१ अंशांनाच उकळतो. म्हणजे दाब सुटला की क्षणात वाफेचा ढग.

मार्च १९७४ मध्ये पाचव्या पात्राला सुमारे सहा फूट लांब तडा आढळला. तडा कशाने पडला याचा उलगडा होण्याआधीच ते पात्र काढून चौथे व सहावे पात्र नळीने जोडण्याचे ठरले. पात्रांची तोंडे २८ इंची, हाताशी असलेली नळी २० इंची. पातळ्या वेगळ्या, म्हणून नळीला बाक दिला आणि दोन्ही टोकांना पेटीच्या भात्यासारखे घडीचे जोड ठेवले. आराखडा कोणता? कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढलेला! कारखान्याचे मुख्य यांत्रिक अभियंत्याचे पद तेव्हा रिकामेच होते.

आता यातली मेख पाहा. रहाटाच्या दोन टोकांना दोघांनी उलट दिशांनी जोर लावला की रहाट फिरतो. बाकदार नळीत दाबाचे दोन जोर समोरासमोर येत नाहीत; ते तिला असेच पिळतात. सरळ नळीत घट्ट बसलेला भाता तग धरतो, आडव्या जोराला तो वाकतो. नळीखाली आधार म्हणून बांधकामाची परांची होती. चाचणी घेतली ती ९ किलो दाबापर्यंत. सुरक्षा-झडप मात्र ११ किलोला उघडणारी. तेवढा दाब त्या नळीने कधी सोसून दाखवलाच नव्हता.

१ जून १९७४, शनिवार, दुपारी ४ वाजून ५३ मिनिटे. २८ जण गेले, त्यांतले १८ नियंत्रण-कक्षात. त्या खोलीतून कोणीही वाचले नाही. कचेऱ्याही कोसळल्या, पण सुट्टीमुळे त्या ओस होत्या. वार वेगळा असता तर आकडा कुठे गेला असता, हे तुम्हीच ताडा.

रॉजर पार्कर यांच्या चौकशी न्यायालयाने १९७५ मध्ये अहवाल दिला. आठ इंची दुसरी नळी आधी फुटली असावी, हे मत त्यांना पटले नाही. दोष त्यांनी वीस इंची जोडनळीवर ठेवला. पाचव्या पात्राच्या तड्याचे कारणही निघाले: गळती धोकादायक होऊ नये म्हणून त्यावर सोडलेल्या पाण्यात नायट्रेट होते, आणि त्याने पोलाद चिरले. उत्पादनासाठी सुरक्षितता जाणूनबुजून डावलली, असे न्यायालयाला आढळले नाही. मला हे खरे वाटते, आणि म्हणूनच जास्त धास्ती वाटते. दुष्ट माणूस ओळखता येतो. कामाची घाई झालेला भला माणूस कसा ओळखावा?

स्फोटाच्याच वर्षी, १९७४ मध्ये, ब्रिटनमध्ये कामाच्या जागी आरोग्य व सुरक्षिततेचा कायदा झाला. त्याखालच्या १९७७ च्या नियमांनी कामगार संघटनेने नेमलेल्या सुरक्षा-प्रतिनिधीला दर तीन महिन्यांनी कामाची जागा तपासण्याचा हक्क मिळाला; आणि कामाच्या पद्धतीत मोठा बदल झाला असेल, तर तीन महिने न थांबताही.