आई-बाबांच्या घरी स्मार्ट मीटर: हो म्हणायचं की नाही? आधी जुनं वायरिंग तपासा

सकाळचे अकरा वाजलेत. घरात सत्तरी ओलांडलेले दोघंच. बेल वाजते, दारात पिशवी घेतलेली दोन मुलं. 'मीटर बदलायचा आहे, काका.' काका लगेच पुण्या-बंगळूरला असलेल्या मुलाला फोन लावतात, 'काय करू? बसवू देऊ का?'

हा फोन तुम्हाला आला असेल किंवा येणार असेल, तर थोडक्यात उत्तर असं: मीटर पोस्टपेड असेल तर बसवू द्या, पण घर जुनं असेल तर आधी वायरिंग तपासून घ्या. आणि दारात कुणालाही एक रुपया देऊ नका.

प्रीपेड नाही, मग हा कोणता?

केंद्र सरकारने 2021 मध्ये आरडीएसएस ही योजना आणली आणि देशभर प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचं ठरवलं. मोबाइलसारखा आधी रिचार्ज, मग वीज. महाराष्ट्रात त्याला जोरदार विरोध झाला. जून 2024 मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जाहीर केलं. सध्या महावितरण घरोघरी बसवत आहे तो 'टीओडी' मीटर. मीटर स्मार्टच, पण बिल पूर्वीसारखंच महिन्याने येतं. टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे, वापराच्या वेळेनुसार दर.

मीटरचे पैसे ग्राहकाकडून वेगळे घेतले जात नाहीत. 'मोफत' हा शब्द मात्र जरा जपून वाचा. कंपनीचा खर्च शेवटी वीजदरातच येतो, वेगळी ओळ दिसत नाही इतकंच.

फायदा किती? पन्नासेक रुपये

जुलै 2025 पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत लागू झाली. ती टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत जाणार आहे. दिवसभर घरी असणाऱ्या ज्येष्ठांना हे सोयीचं. समजा महिन्याला 120 युनिट लागतात आणि त्यातले 60 दिवसा, तर 80 पैशांच्या हिशेबाने 48 रुपये वाचले. वॉशिंग मशीन आणि पाण्याचा पंप दुपारी चालवला तर आणखी थोडे. गीझर नऊनंतर लावला तरी वाचतील, पण पहाटे साडेपाचला अंघोळ करणाऱ्या आजोबांना हे सांगून बघा!

थोडक्यात, केवळ बचतीसाठी हा मीटर घ्यावा असं काही नाही.

बिल का वाढतं?

'नवा मीटर लावला आणि बिल वाढलं' ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. दरवेळी मीटरच चुकीचा असतो असं नाही, आणि दरवेळी ग्राहकच चुकतो असंही नाही. जुना चकतीचा मीटर वर्षानुवर्षं फिरून झिजतो आणि हळू चालतो. रात्रीचा छोटा दिवा, स्टँडबायवरचा टीव्ही असा किरकोळ वापर त्याच्या चकतीला हलवतही नाही. नवा मीटर तो मोजतो.

खरी मेख मात्र जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये आहे. फेजच्या वायरमधून जितका करंट घरात जातो, तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. वीजचोरी पकडता यावी म्हणून नवे मीटर दोन्ही बाजू मोजतात आणि फरक दिसला तर जो आकडा जास्त, त्यावर युनिट धरतात. चकतीच्या मीटरला हे कळत नसे. आता एखादा जुना वाडा किंवा दुमजली घर डोळ्यांसमोर आणा. वर मुलाचा मीटर, खाली वडिलांचा. चाळीस वर्षांपूर्वी वायरमनने एक न्यूट्रल वाचवला आणि दोन्ही मजल्यांना एकच जोडला. चोरी कुणीच केलेली नाही, तरी वरच्या मजल्यावरचा एसी खालच्या मीटरवर दिसू शकतो. ओल आलेल्या भिंतीतून करंट गळत असेल, तरीही तेच. ती गळती बिलापेक्षा जिवाला जास्त धोकादायक आहे.

म्हणून मीटरवाले यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. किटकॅट फ्यूज असतील तर एमसीबी बसवा, अर्थिंग तपासा, आरसीसीबी लावा. न्यूट्रल शेअर झाला असेल किंवा गळती असेल, तर आरसीसीबी सारखा ट्रिप होऊन ते स्वतःच सांगतो.

मीटर बसल्यावर एक साधी चाचणी करा. घरातला मेन स्विच बंद केल्यावर मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही, तर मीटर आणि बोर्ड यांच्या मधल्या वायरमध्ये गडबड आहे किंवा कुणीतरी तुमच्या लाइनवर आहे. दुसरी चाचणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मीटरवर 3200 असा आकडा लिहिलेला असेल, तर एका युनिटला दिवा 3200 वेळा लुकलुकतो. बाकी सगळं बंद करून 1000 वॅटचा पाणी तापवायचा रॉड लावला की मिनिटाला साधारण 53 वेळा. व्होल्टेजप्रमाणे थोडं कमी-जास्त होईल. पण 70-80 वेळा लुकलुकला, तर तक्रार करा.

तक्रार केली तर काय मिळतं?

फेब्रुवारी 2024 मध्ये बदललेल्या केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांनुसार, रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली तर कंपनीने पाच दिवसांत जादा तपासणी मीटर लावायचा आणि तो किमान तीन महिने ठेवायचा. अर्जात 'चेक मीटर' हा शब्द लिहाच. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल.

तोवर वीज तोडतील, ही भीती असते. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडायला किमान 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलावर वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांपैकी जी कमी ती निषेध नोंदवून भरली, की निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते.

रात्री साडेनऊचा मेसेज

'आज रात्री 9.30 वाजता तुमची वीज खंडित होईल, या नंबरवर फोन करा.' हा फसवणुकीचा मेसेज काही वर्षांपासून फिरतोय. पूर्वी तो हसण्यावारी नेता यायचा, कारण रात्री वायर कापायला कोण येणार? स्मार्ट मीटरमध्ये वीज दुरून बंद करण्याची सोय असते. म्हणजे तीच खोटी धमकी आता खरी वाटू लागते, आणि घाबरून लिंक उघडणारे बहुतेक वेळा घरातले ज्येष्ठच असतात. वायरमन दारात आला की निदान 'बिल भरायचं राहिलंय का?' एवढं तरी बोलणं व्हायचं. तेही आता होणार नाही. आईच्या फोनमध्ये 1912 हा हेल्पलाइन क्रमांक सेव्ह करून द्या, बिल ऑटो-पेवर टाका आणि बिलाचे मेसेज तुमच्या मोबाइलवरही येतील असं बघा.

रेडिएशनची चिंता सोडा. मीटरमधला संपर्काचा भाग खिशातल्या मोबाइलच्याच जातीचा आहे आणि तो अधूनमधून क्षणभर माहिती पाठवतो. माहितीचं मात्र तसं नाही. घर कधी रिकामं असतं, हे वापराच्या आलेखावरून कळतं, त्यामुळे अ‍ॅपचा पासवर्ड शेजाऱ्यांना देऊ नका. दूर राहणाऱ्या मुलांना त्याच आलेखावर आई-बाबांचा दिवस दिसेल, पण आधी त्यांना विचारा.

मीटर बदलायला आलेल्यांचं ओळखपत्र बघा. घरात दोघंच असतील तर 'रविवारी या, मुलगा असेल' असं म्हणायला हरकत नाही. जुना मीटर काढण्याआधी त्याचा क्रमांक आणि शेवटचं रीडिंग एकाच फोटोत घ्या, मग नव्याचं सुरुवातीचं रीडिंग. पहिल्या बिलात हे दोन्ही आकडे आणि दिवसांची संख्या जुळतेय का, ते बघा.