पैनगंगेच्या काठी गळ टाकताना

यवतमाळ म्हटले की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो आणि भेगाळलेली जमीन. पण जिल्ह्याचा नकाशा उलगडून पाहा. एका अंगाने वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. बुलढाण्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा उमरखेड तालुक्याच्या सीमेवर सहस्रकुंडाला कडा कोसळत उतरते आणि वणी तालुक्यातल्या जुगादपाशी वर्धेला मिळते. आत पुसदजवळ पूस, दिग्रसजवळ अरुणावती, बाभूळगावजवळ बेंबळा; प्रत्येकीवर धरण. शिवाय पैनगंगेवरचे इसापूरचे अफाट पाणी आहेच. एवढे पाणी दाराशी असताना आपण सुटीत मुलाबाळांना घेऊन कुठे जातो? माहूरगडावर, नाहीतर नागपूरच्या मामाकडे. दिवसभर गळ टाकून पाण्याकडे बघत बसणे ही आपल्याला रिकामटेकड्याची लक्षणे वाटतात.

साहेबाला ती तशी वाटली नाहीत. हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एच. एस. थॉमसने १८७३ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिले. म्हैसूरच्या व्हॅन इंगेनने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा महासीर गळाला लावला, त्याची कथा शौकीन मंडळी अजून सांगतात. मुंबईकरांनी पवई तलावावर हा छंद जपला.

आपल्याकडे सामान थोडके पुरते. बांबूची काठी, तंगूस, गळ आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. रीळ असले तर उत्तम, नसले तर अडत नाही. अडते ते मासा ओळखण्यावाचून. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचे तोंड खाली, तो तळ चाचपतो. तेव्हा धांड्यापासून गळ किती खोल सोडायचा, हे मुलांना आधी ठरवू द्या. या तिघांना कणकेत कालवलेली शेंगदाण्याची ढेप चालते.

आता मुद्द्याची गोष्ट. धरणातला रोहू-कटला आपोआप आलेला नसतो. वाहत्या, पुराच्या पाण्यावाचून हे मासे वीत नाहीत. साठलेल्या पाण्यात मादी गाभोळी घेऊन तशीच राहते. पूर्वी नदीतले मत्स्यबीज गोळा करून दूरवर न्यावे लागे. १९५७ मध्ये कटकला हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली, तेव्हा वाट सापडली. आज मासेमारीचा ठेका घेतलेली भोई समाजाची सहकारी संस्था पदरचे पैसे घालून बोटुकली विकत घेते, पाण्यात सोडते आणि ती वाढण्याची वाट बघते. पाणी लवकर आटले तर तोटा तिचाच. म्हणून आपल्या गळाला लागलेला दोन किलोचा कटला हा कुणाच्या तरी शेतातला कापूस समजावा. आधी संस्थेत जावे, विचारावे, मागतील ते पैसे द्यावेत. माझ्या मते अशी पावती-पद्धत रीतसर सुरू झाली तर चार पैसे जाळे न टाकताही भोयांच्या घरात येतील. एखादा तरुण डोंगीतून पाहुण्यांना फिरवील, त्याची आई काठावर रस्सा-भाकरी करून देईल. शहरातल्या रिसॉर्टवाल्याने कुंपण घातले, तर मात्र हाच छंद भोयांच्या मुळावर येईल.

मरळीचे वेगळे. ती साठलेल्या पाण्यातही वीत असल्याने कुणी विकत आणून सोडली नाही तरी टिकते. पावसाळ्यात उथळ, गवताळ पाण्यात तांबड्या पिल्लांचा थवा मधूनमधून वर येऊन हवा घेताना दिसतो. त्याखाली आईबाप राखण करीत असतात. थव्याजवळ बेडकी नाचवली की चिडलेली मरळ हमखास झेपावते. अनेकांना यात मोठे कसब वाटते. पण राखणदार गेला की पिल्ले इतर माशांच्या तोंडी पडतात. एका रश्श्यासाठी शेकडो मरळी गेल्या. ते दिवस गळ घरीच ठेवावा.

जागाही पाहून निवडावी. इसापूरच्या जलाशयाचा काही भाग २०१४ मध्ये पक्षी अभयारण्य झाला आणि उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्य आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय पाण्यात दोरा टाकू नये. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरीला परदेशी पाहुणे येऊन महासीर पकडत आणि पुन्हा सोडून देत. अभयारण्यातली म्हणून तीही मासेमारी बंद झाली.

पाऊस सरून पाणी निवळले की निघावे. पहाटेची वेळ बरी. काठ निसरडे असतात आणि धरणाचा उतार फसवा, तेव्हा लहान मुलांना हाताशी ठेवा. डब्यात पोहे न्या, पाण्याची बाटली, डोक्याला पंचा. आणि तुटलेला तंगूस तिथेच टाकू नका, गुंडाळून परत आणा; बगळ्याच्या पायात तो अडकला की सुटत नाही.