हिअरोग्लिफस
ऑर्थोप्टेरा गणाच्या ॲक्रिडिडी कुलातील नाकतोड्यांचा एक वंश. या वंशाची स्थापना हेर्मान क्राउस यांनी १८७७ मध्ये केली. आशिया व आफ्रिका खंडांत याच्या जाती आढळतात. भारतात हि. बनिआन ही जाती भाताची कीड म्हणून, तर हि. नायग्रोरेप्लेटस ही ज्वारी, बाजरी, मका इ. पिकांची कीड म्हणून परिचित आहे.

शृंगिका आखूड आणि श्रवणेंद्रिये उदराच्या पहिल्या खंडावर असल्यामुळे कूल सहज ठरते. वंश ठरविण्यास मात्र अधिक बारकाईने पाहावे लागते. अग्रवक्षाच्या पाठीवरील खोगिरासारख्या ढालीवर तीन आडव्या खोबणी असतात. बहुतेक नाकतोड्यांत त्या आसपासच्या रंगाच्याच असतात. या वंशात त्या ठळक काळ्या असून बाजूंवर उतरतात. या रेघांवरूनच वंशाला चित्रलिपी या अर्थाचे नाव मिळाले आहे. जतन केलेल्या नमुन्यातील हिरवा रंग पिवळट पडतो, रेघा मात्र टिकून राहतात. पुढच्या पायांच्या मधोमध, खालच्या बाजूस, शंकूसारखा उंचवटा असतो. तथापि केवळ त्यावर विसंबता येत नाही, कारण भातावरच आढळणाऱ्या ऑक्सिया वंशातही तो असतो. ऑक्सिया आकाराने लहान असून त्याच्या डोळ्यामागून तपकिरी पट्टा निघतो आणि मागच्या पायाची नडगी टोकाकडे चपटी व रुंद होते. पंखांची लांबी हे फसवे लक्षण आहे. एकाच जातीत आखूड व लांब पंखांचे कीटक आढळतात. जाती निश्चित करण्यासाठी नराच्या उदराच्या टोकावरील पुच्छिकांचा आकार पाहतात. बी. पी. उव्हारॉव्ह यांनी १९२२ मध्ये या वंशाचे व त्याच्या निकटच्या वंशांचे पुनरीक्षण केले.

भातावर सापडला म्हणून ‘भाताचा नाकतोडा’ एवढी ओळख शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही. हिअरोग्लिफसची मादी पावसाळ्याच्या अखेरीस बांधांच्या मातीत अंडी पुंजक्यांनी घालते. ती पुढील पावसाळ्यापर्यंत तशीच राहतात व वर्षातून एकच पिढी होते. म्हणून उन्हाळ्यात बांध छाटून अंडी उघडी पाडली की, ती उन्हाने सुकतात किंवा पक्षी ती खातात. ऑक्सियाच्या माद्या अंडी बहुधा पाणथळ वनस्पतींवरच घालतात. तेथे बांध छाटण्याचे श्रम वाया जातात.