कोरोनाचं माहेर कुठलं?

२०१४ साली विषाणूतज्ज्ञ एडवर्ड होम्स वुहानच्या हुआनान बाजारात गेले आणि पिंजऱ्यातल्या रॅकून डॉगचा फोटो काढून आले. पाच वर्षांनी कोविडचे सुरुवातीचे रुग्ण नेमके याच बाजाराभोवती सापडले, आणि तो फोटो जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वादात पुरावा म्हणून पुढे आला!

या बाजारात जिवंत सस्तन प्राणी विकले जात होते का, हाच आधी वाद होता. उत्तर चिनी संशोधकांच्याच दप्तरात निघालं. गोचिडांपासून होणाऱ्या तापाचा माग काढताना त्यांनी मे २०१७ ते नोव्हेंबर २०१९ या काळात वुहानच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या जिवंत प्राण्यांची मोजदाद केली होती. भरले ३८ जातींचे ४७,३८१ प्राणी.

विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम ३० हजार अक्षरांचा, पण सर्वांत मोठं भांडण त्यातल्या फक्त १२ अक्षरांचं. त्यांच्यामुळे विषाणूला माणसाच्या पेशीत शिरणं सोपं जातं, आणि जवळच्या नातेवाईक विषाणूंमध्ये ती दिसत नाहीत. मग ती कुणी मुद्दाम घातली का? मर्स आणि साध्या सर्दीच्या काही कोरोना विषाणूंत असंच काम करणारा तुकडा निसर्गतःच तयार झाला आहे, हे मात्र विसरून चालत नाही.

लाओसच्या वटवाघळांत सापडलेला ‘बनाल-५२’ हा विषाणू कोविडच्या विषाणूशी ९६.८ टक्के जुळतो. ऐकायला हा सख्खा भाऊ वाटतो, पण उरलेला फरक ९००हून जास्त अक्षरांचा आहे!

या शोधात पुणंही आहे. चीनमधल्या मोजियांगच्या खाणीत २०१२ साली सहा कामगारांना गंभीर न्यूमोनिया झाला, तिघं दगावले. त्या प्रकरणात कोविडच्या उगमाचा धागा शोधत पुण्याच्या मोनाली रहाळकर आणि राहुल बहुलीकर या शास्त्रज्ञांनी २०२०मध्ये शोधनिबंध लिहिला.

मला सगळ्यात भावते ती मायकेल वोरोबी यांची गोष्ट. प्रयोगशाळेतून विषाणू सुटल्याची शक्यताही गांभीर्याने तपासा, अशा मे २०२१च्या पत्रावर १८ शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. त्यात वोरोबींचीही होती. मग त्यांनी डिसेंबर २०१९च्या रुग्णांची घरं नकाशावर मांडली. बाजाराशी काहीही संबंध नसलेल्या रुग्णांची घरंसुद्धा बाजाराभोवतीच दाटलेली! २०२२मध्ये त्यांनी बाजाराच्या बाजूने निष्कर्ष छापला. विज्ञान असं चालतं.

तरी गाडी अडते. १ जानेवारी २०२०ला बाजार बंद झाला. नंतर ज्या प्राण्यांचे नमुने तपासले, त्यांत विषाणू नव्हता. पण त्यांत रॅकून डॉगच नव्हते. बाजारातल्या एका गाड्यावर विषाणू आणि रॅकून डॉग, दोघांच्याही जनुकीय खुणा मिळाल्या. त्यावरून प्राणी तिथे होता हे कळतं, तो आजारी होता हे नाही. २००३च्या सार्समध्ये उदमांजरं काही महिन्यांतच हाती लागली होती, पण वटवाघळांच्या गुहेत त्या विषाणूचे सगळे तुकडे सापडल्याचं २०१७ साली जाहीर झालं.

जून २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने सांगितलं, की पुराव्यांचं पारडं प्राण्यांकडून माणसाकडे आलेल्या संसर्गाकडे झुकतं. प्रयोगशाळेची शक्यता मात्र त्यांना खोडता आली नाही, कारण सुरुवातीच्या रुग्णांच्या शेकडो विषाणूंची जनुकीय माहिती आणि वुहानच्या प्रयोगशाळांमधल्या कामाचा तपशील चीनने मागूनही दिलेला नव्हता.